कुंडीतलं आणि जमिनीतलं

भिलाईत जमीन कंपनीची आणि कुंडी आपली, हा हिशेब तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक होता. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पोलादाच्या कारखान्याच्या मागोमाग सेक्टरांची वस्ती वाढत गेली. क्वार्टर लहान असलं तरी पुढेमागे थोडी मोकळी जागा असे. लोकांनी तिथे आंबा लावला, पेरू लावला, शेवगा लावला. पण निवृत्तीनंतर क्वार्टर परत करायचं असे, आणि त्याबरोबर आंबाही जाई. आंब्याला पहिला मोहोर आला त्याच वर्षी घर सोडावं लागलेली माणसं आमच्या गल्लीत होती. म्हणून आई म्हणायची, "जे न्यायचं ते कुंडीत, जे द्यायचं ते जमिनीत."

हे वाक्य तिने कुठे वाचलेलं नव्हतं. ती १९७१ साली लग्न होऊन भंडाऱ्याकडून भिलाईला आली, आणि दहा-वीस घरांचं येणं-जाणं पाहिल्यावर तिला ते आपोआप सुचलं. गल्लीत केरळचे होते, आंध्रचे होते, ओडिशाचे, बंगालचे, पंजाबचे, बिहारचे होते आणि अर्थात छत्तीसगढचे होते. प्रत्येकाचं एक मूळ गाव होतं आणि निवृत्तीची एक तारीख होती. त्या तारखेकडे डोळा ठेवून बागकाम चालायचं. तेलाचे डबे, अर्धे कापलेले पिंप, सिमेंटच्या कुंड्या, फुटक्या बादल्या, सगळ्यांत काही ना काही लावलेलं असे. मैत्री बागेतल्या पुष्पप्रदर्शनाला लोक शेवंतीच्या आणि डेलियाच्या कुंड्या स्कूटरच्या पायदानावर ठेवून नेत. कुंडी हलवायची कशी, याचं शिक्षण त्या गावात असं फुकट मिळायचं.

बाबा २००१ साली निवृत्त झाले आणि आम्ही सेक्टरातून हुडकोत आलो. हुडको हे खरं तर १९७० साली स्थापन झालेल्या, घरांसाठी कर्ज देणाऱ्या सरकारी महामंडळाच्या इंग्रजी नावाचं लघुरूप. कर्ज देणाऱ्याचं नाव वस्तीला चिकटावं, ही आपल्याकडची रीतच आहे. छत्रपती संभाजीनगरात आणि नांदेडातही हे नाव आहे, फक्त तिकडे ते 'हडको' झालं. आमच्या भिलाईत 'हुडको'च राहिलं. सेक्टरातून इथे यायचं म्हणजे सायकलच्या अंतरावरचं स्थलांतर होतं. कुंड्या एका ठेल्यावर आल्या, दोन फेऱ्यांत. तेव्हा सगळ्यांत उंच झाड जेमतेम चार फुटांचं होतं.

बाबा गेल्यानंतर आई तिथे तीन वर्षं एकटी राहिली. गल्ली हळूहळू रिकामी होत होती. मुलं पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला, काही त्याहून लांब. संध्याकाळी सात वाजता जिथे आधी चार भाषांतून मुलांना घरात बोलावलं जायचं, तिथे आता पथदिव्यांचा आवाज ऐकू यायचा. २०२२ च्या पावसाळ्यात तिने स्वतःच ठरवलं की नागपूरला माझ्याकडे यायचं. ठरवलं म्हणजे फोनवर एवढंच म्हणाली, "दिवाळी इथे करू. मग ट्रक पाहून ठेव."

सामान नेणाऱ्या माणसाने घरात फिरून छापील यादी भरली. पलंग, कपाट, फ्रिज, भांड्यांची खोकी, प्रत्येकापुढे नग आणि किंमत असे दोन रकाने. मागच्या अंगणात आल्यावर मात्र त्याने पेन खिशाला लावलं. "पौधे हम नहीं लेते, माताजी. क़ीमत क्या लिखेंगे?" त्याचं म्हणणं त्याच्या बाजूने बरोबरच होतं. फ्रिज फुटला तर फ्रिजची किंमत आहे. झाड वाटेत मेलं नाही, पोचल्यावर पंधरा दिवसांनी मेलं, तर ते कुणाच्या खात्यावर टाकायचं?

अंगणात लहानमोठ्या एकेचाळीस कुंड्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा प्रश्नच नव्हत्या. तुळस मंजिरीच्या बियांतून नेता येते, मोगऱ्याची फांदी नेता येते, कोरफडीचं पिल्लू पिशवीत घालून नेता येतं. प्रश्न होता तो तीन उंच झाडांचा. अर्ध्या पिंपातला सात फुटांचा गोडलिंब, तेवढ्याच उंचीचा रबर, आणि नऊ फुटांचं अरोकेरिया, ज्याला सगळी गल्ली ख्रिसमस ट्री म्हणायची.

ते अरोकेरिया मुळात आमचं नव्हतंच. सेक्टरात आमच्या भिंतीला भिंत लागून एक मल्याळी कुटुंब होतं. अम्मा इस्पितळात परिचारिका होत्या. दर डिसेंबरात त्या झाडावर कापसाचा बर्फ आणि चमकीचे तारे लागायचे, आणि आम्हा मुलांना केकचा एकेक चौकोन मिळायचा. १९९४ साली ती मंडळी केरळला परत गेली. जनरल डब्यात ट्रंका, गाद्या आणि दोन मुली घेऊन निघालेल्या माणसांना दीड फुटाचं झाडसुद्धा जड होतं. अम्मांनी ते आईच्या हातात दिलं. "रख लो, बहनजी." परत नेईन असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि नेऊ नका असं आईही म्हणाली नाही. भिलाईत असंच चालायचं. जाणाऱ्याची झाडं राहणाऱ्याकडे यायची. आता राहणाऱ्यांतलीही जायला निघाली होती.

या झाडाचं मूळ गाव प्रशांत महासागरातलं नॉरफोक बेट. कॅप्टन कुकने १७७४ साली ते बेट पाहिलं तेव्हा ही सरळसोट झाडं बघून त्याला जहाजांच्या डोलकाठ्या दिसल्या. पुढे लाकूड त्या कामाला तितकंसं चिवट निघालं नाही, पण झाड मात्र जगभरच्या कुंड्यांत जाऊन बसलं. नॉरफोक बेटाच्या झेंड्यावरही तेच आहे. त्याची वाढ शिस्तीची असते. मधला शेंडा सरळ वर जातो, आणि ठरावीक अंतराने फांद्यांचं एकेक कडं सोडत जातो, छत्रीच्या काड्यांसारखं. पण या शिस्तीची एक अट असते. शेंडा मोडला तर त्याची पूर्वीची घडण पुन्हा येत नाही. आणि बाजूची फांदी कापून लावली, तर ती मुळं धरूनही फांदीच राहते. आडवी वाढते, सरळ झाड होत नाही. मधल्या शेंड्यालाच काय ते उभं राहणं माहीत असतं.

माझा हिशेब वजनाचा आणि मापाचा होता. सोळा इंची कुंडी, तीत तीस-पस्तीस लिटर माती, ओल्या मातीचं वजन लिटरला दीड किलोच्या आसपास. म्हणजे झाड आणि कुंडी धरून साठ किलोच्या घरात. गोडलिंबाचं पिंप त्याहून जड. माझ्या इमारतीची लिफ्ट लहान, तिचं दार साडेसहा फुटांचं, आणि घर चौथ्या मजल्यावर. मी म्हटलं, गोडलिंब नेऊ, रोज लागतो. रबर वाटलं तर नेऊ. अरोकेरिया समोरच्यांना देऊ.

आईचा हिशेब निराळा होता. तिने मला अंगणात उभं केलं आणि एकेका झाडाला हात लावून सांगितलं. "गोडलिंबाला खाली किती फुटवे आलेत पाहा. एक फुटवा मुळासकट काढला की तोच गोडलिंब. रबराला गुटी बांधली की वरचे दोन फूट म्हणजे तेच झाड. ज्याचा तुकडा नेला तरी ते आख्खं येतं, ते उचलून काहून न्यायचं? उचलून न्यायचं ते, ज्याचा तुकडा होत नाही."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. घर आवरताना आपण सहसा विचार करतो तो किंमतीचा, उपयोगाचा, नाही तर आठवणीचा. आई वेगळाच प्रश्न विचारत होती, याचं कलम होतं का? पाककृतीचं होतं, गाण्याचं होतं, म्हणींचं होतं. शेजाराचं होत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून त्या यादीत तिने शेजार घेतलाच नाही.

ऑगस्टमध्ये तिने रबराला गुटी बांधली. गुटी म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळं फोडायला लावणं. शेंड्याखाली दोन फुटांवर बोटभर रुंदीची साल गोल काढायची, पांढरा चीक वाळू द्यायचा, ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. पावसाळ्याच्या दमट हवेत दीड-दोन महिन्यांत पारदर्शक प्लास्टिकमागे मुळं दिसू लागतात. रबर हा मुळांच्या बाबतीत उदार. मेघालयात याच झाडाची हवेतली मुळं ओढ्यावरून पलीकडे नेऊन त्यांचे जिवंत पूल करतात. आमच्या अंगणात त्याने सप्टेंबर संपायच्या आत शेवाळाचा गोळा मुळांनी भरून टाकला. फांदी खालून कापली, आणि सात फुटांचं झाड दोन फुटांच्या डब्यात प्रवासाला तयार झालं.

नागपूरच्या माणसाला ही युक्ती नवी वाटू नये. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांतून वाढला आहे. आणि अनुराधापूरचा वृक्ष, महावंसाच्या सांगण्यानुसार, अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेहून सोन्याच्या कुंडीत फांदी घालून जहाजाने नेला त्याचा. फांदी गेली, दोन हजारांहून अधिक वर्षं राहिली आणि तिथून पुन्हा फांदी होऊन परत आली. आख्खं झाड हलवायची हौस राजांची. इजिप्तची राणी हात्शेप्सूत हिने सुमारे ३,५०० वर्षांपूर्वी पुंत नावाच्या देशातून धूपाची जिवंत झाडं आणवली. तिच्या मंदिराच्या भिंतींवर ती कोरलेली आहेत. मुळं मातीसकट टोपलीत, टोपली दांड्याला टांगलेली, दांडा माणसांच्या खांद्यावर. आपल्याकडे कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला तोही आख्खा, आणि मग फुलं कुणाच्या अंगणात पडली यावरून घरात जे व्हायचं ते झालं.

दिवाळीनंतर वाटप सुरू झालं. मोगरा कोपऱ्यावरच्या बंगाली काकूंना, जास्वंद समोरच्या छत्तीसगढी काकींना, शेवंती देवळात. गोडलिंबाचं पिंप मात्र कुणा एकाला द्यायचं नाही, असं आईने ठरवलं. त्या पिंपावर गल्लीतल्या सगळ्यांचा हक्क होता. त्याला कुणी मीठा नीम म्हणे, कुणी करिवेपाकु, कुणी करिवेप्पिला, ओडिया वहिनी भृसंग पत्र म्हणत, पंजाबी मावशी कढ़ी पत्ता. पानं तोडायला येणारा प्रत्येक जण आपल्या शब्दात मागायचा आणि आई 'ने' म्हणायची. पिंप आमच्या फाटकाबाहेर, भिंतीच्या कडेला सरकवलं. चार माणसांनी ते ढकललं. आईने वर एक वीट ठेवून सांगितलं की पिंपाखाली मुळं जमिनीत गेली तर जाऊ द्या, आता हे द्यायच्यातलं आहे.

तिच्यासाठी काढलेला फुटवा मी भिंगाने तपासला, याचं तिला हसू आलं. पण त्याला कारण होतं. गोडलिंब हा लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. संत्र्यावर येणारी सिला नावाची बारीक कीड गोडलिंबाच्या कोवळ्या पालवीवरही वाढते, आणि हीच कीड संत्र्याच्या बागा वाळवणारा ग्रीनिंग नावाचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी म्हणूनच गोडलिंबाचं रोप इकडून तिकडे न्यायला बंधनं आहेत. आम्ही निघालो होतो संत्र्यांच्या नागपूरला, जिथे लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थाच आहे. फुटव्याची सगळी कोवळी पालवी खुडून टाकली, खोड आणि पानांच्या मागच्या बाजू साबणाच्या पाण्याने पुसल्या. झाड हलतं तेव्हा त्याच्यावर राहणारेही हलतात. यादीत तेही नसतात.

अरोकेरियाची तयारी आठवडाभर चालली. शेवटचे तीन दिवस पाणी बंद. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, आणि तेवढ्या कुंडीतून चार-पाच किलो सहज कमी होतात. शिवाय कोरडसर माती मुळांना घट्ट धरून बसते, चिखल झालेली माती धक्क्याने सुटते. फांद्या वरच्या बाजूला हलकेच उचलून जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्यांनी गुंडाळल्या, मिटलेल्या छत्रीसारख्या. सुतळी नाही, कारण ती काचते. शेंड्याला मात्र पट्टी लावायची नाही. त्याच्या दोन्ही बाजूंनी बांबूच्या दोन काठ्या, शेंड्याहून वीतभर उंच, म्हणजे आपटलंच तर काठ्या आपटतील. कुंडीच्या तोंडावर मातीवर गोणपाट आणि त्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या. ही माती बाबांनी बनवलेली होती. छत्तीसगढात मातीचीही नावं आहेत: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. मुरमाड भाठ्यापासून काळ्या चिकट कन्हारपर्यंत उतरत जाणारी. बाबा मटासी आणायचे, तीत शेणखत आणि थोडी वाळू मिसळायचे. पानं पुसली की फडक्यावर तांबूस डाग यायचा, तो लोखंडाच्या गावाचा.

ट्रक सामान घेऊन आदल्या दिवशी गेला. झाडांसाठी छोटा हत्ती ठरवला. त्याची मागची पेटी सात फुटांची, झाड नऊ फुटांचं. म्हणून कुंडी चालकाच्या खोलीला टेकवून, वाळूच्या दोन पोत्यांत रुतवून, झाड तिरपं, शेंडा मागे. तिरपं झाड जुन्या गादीच्या घडीवर विसावलं. वरून हिरवी शेडनेटची जाळी. उंच झाडाला प्रवासात खरा धोका धक्क्यांचा नसून वाऱ्याचा असतो. गाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने चालली तर समोरच्या एक चौरस मीटर आडोशावर सुमारे सतरा किलोचा रेटा बसतो. वेग अर्धा केला तर रेटा चौथाईवर येतो. त्यातून तो वारा पानांतलं पाणी ओढून घेतो, आणि मुळांना तेवढ्या वेगाने पाणी वर पोचवता येत नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या नॅथनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने हेच ओळखलं. काचेच्या बंद पेटीत रोपं ठेवली की हवा स्थिर राहते, ओल आतच फिरते, आणि समुद्राचा खारा वारा लागत नाही. अशा पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची सुमारे २०,००० रोपं हिमालयाच्या पायथ्याशी पोचवली. आमच्याकडे काचेऐवजी जाळी आणि पहाटेची वेळ होती.

चालक राजनांदगावकडचा तरुण मुलगा. त्याला मी म्हटलं, चाळीसच्या वर नेऊ नको. त्याने आईकडे पाहिलं. "झन संसो कर, दाई." आई मागे बसायला निघाली होती. तिला समोर बसवलं, मांडीवर रबराचा डबा, पायाशी गोडलिंबाचा फुटवा. मी मागून गाडी घेऊन निघाले, म्हणजे जाळी सुटली तर मला दिसली असती.

पहाटे पाचला दुर्ग ओलांडलं, शिवनाथचा पूल आला, मग राजनांदगाव. बाघनदीच्या पुलावर छत्तीसगढ संपून महाराष्ट्र सुरू होतो. तिथे आम्ही चहाला थांबलो. मी जाळी वर करून पाहिली, शेंडा जागेवर होता. पुढे देवरी, जंगलातला रस्ता, साकोली, लाखनी. हा सगळा तिच्या माहेरचा पट्टा. एकावन्न वर्षांपूर्वी याच दिशेने उलटी आलेली बाई आता परत चालली होती. मला काहीतरी बोलावंसं वाटलं. सासरी गेलेल्या मुलीला उपटून लावलेल्या रोपाची उपमा आपल्याकडे इतकी देतात की ती ओठांवर येतेच. भंडाऱ्याला वैनगंगेच्या अलीकडे दुसऱ्या चहाला थांबलो तेव्हा मी तसं म्हणाले. आईने कप खाली ठेवला. "मी काय झाड आहे का बापा? मला पाय आहेत. तेव्हाही चालतच आले होते. झाडाला उचलावं लागते, म्हणून त्याची एवढी उठाठेव." मग चालकाला म्हणाली, "चल बेटा, ऊन चढतंय."

दुपारी एकच्या सुमाराला नागपूरला पोचलो. लिफ्टचं दार आणि नऊ फुटांचं झाड यांचं जमणार नाही हे आधीच माहीत होतं. जिन्याने चौथ्या मजल्यापर्यंत नेणं शक्य होतं, पण वळणावर शेंडा घासला असता. आणि तसंही प्रवासातून आलेल्या झाडाला आठ-पंधरा दिवस सावली लागते. लगेच ऊन नाही, लगेच कुंडीबदल नाही, खत तर नाहीच. आधी मुळांना पाणी ओढायची लय पुन्हा सापडू द्यायची. म्हणून ते खालीच, इमारतीच्या खांबांमध्ये गाड्या उभ्या राहतात तिथल्या कोपऱ्यात ठेवलं. बांबू सोडले, लुगड्याच्या पट्ट्या सोडल्या. फांद्या लगेच उतरल्या नाहीत. दोन दिवस ते झाड अंग चोरून उभं होतं, मग हळूहळू पसरलं.

आई रोज सकाळी खाली जाऊन त्याला पाणी घालायची. चौकीदाराशी ओळख झाली, तो बालाघाटचा. दूधवाल्याशी झाली. शाळेच्या बसची वाट पाहणारी मुलं झाडापाशी उभी राहायला लागली. नाताळात पहिल्या मजल्यावरच्या मुलीने आईला विचारून त्यावर कागदाचे तारे लावले. त्याच महिन्यात सगळ्यांत खालचं कडं पिवळं पडलं, मग तपकिरी, आणि गळालं. ते कडं सेक्टरातलं असावं, अम्मांच्या वेळचं किंवा त्यानंतर एक-दोन वर्षांचं. जागा बदलली की अरोकेरिया खालून सोडतं. फेब्रुवारीत वर शेंड्याशी फिकट हिरवं, मऊ, नवं कडं उघडलं. आईने मला खाली बोलावून ते दाखवलं.

मार्चमध्ये मी म्हटलं, आता दोन माणसं बोलावून वर घेऊ या, गच्चीत जागा आहे. ती म्हणाली, "याला आता वर काहून न्यायचं?" आणि सोसायटीच्या बैठकीत जाऊन बसली. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीपासून आणि इमारतीपासून लांब, एक मोकळा तुकडा होता. एका गृहस्थांनी रास्त शंका काढली, हे झाड फार उंच होतं. आईने सांगितलं की खाली पाण्याची टाकी नाही, वर वीजवाहिनी नाही, भिंत बारा पावलं लांब आहे, तिने मोजलं आहे. कोपरा मिळाला.

पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनच्या अखेरीस, खड्डा खणला. तळाशी नागपूरची काळी माती लागली, हातात घेतली की मुठीचा ठसा धरणारी. तीत वाळू आणि शेणखत मिसळलं, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. कुंडी आडवी करून झाड सोडवलं तेव्हा मुळांनी कुंडीचा आकार जसाच्या तसा घेतला होता. बाहेरची मुळं गोल फिरून स्वतःलाच गुंडाळत होती. ती तशीच पुरली तर जमिनीतही ती गोलच फिरत राहतात आणि पुढे खोड आवळतात. आईने बोटांनी ती सोडवली. बाबांच्या मटासीचा गोळा मात्र तिने फुटू दिला नाही. तो तसाच मधोमध ठेवला, भोवती काळी माती ओढली, पायाने दाबली आणि आळं केलं.

झाड खड्ड्यात गेल्यावर पूर्वीपेक्षा दीड फूट बुटकं दिसायला लागलं. मी रिकामी कुंडी उचलून भंगाराकडे ठेवायला निघाले तर आईने थांबवलं. "धुऊन वर ने. त्यात गोडलिंब लावू, फुटवा मोठा झाला आहे."

मी म्हटलं, तोही लाव ना इथेच, कोपरा मोठा आहे.

"तो राहू दे कुंडीतच," ती म्हणाली. "तुला न्यायला लागेल."